डावा पाइप

"आधी टाकी. मग बॅटरीची वायर. सीट शेवटी," मिस्त्री सांगतात आणि स्टुलावर बसल्या बसल्या बशीत चहा ओततात. हाताखालचा पोरगा पेटीत दहाचा पाना शोधत खडखडाट करतोय. टाकीचा कॉक बंद करून तो नळी ओढतो, तसा पेट्रोलचा वास शेडभर पसरतो. मिस्त्री बशी खाली न ठेवता नुसत्या भुवईने त्याला बाहेरची जागा दाखवतात. टाकी बाहेर आंब्याखाली जाते.

अलिबागहून रेवदंड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, नागावच्या अलीकडे, ही पत्र्याची शेड आहे. दर्शनी बाजूला स्टीलचे कठडे, खिडक्यांच्या ग्रिल आणि रंगाची वाट बघणारं एक सरकतं गेट. मुंबईकरांचे बंगले इथे आधीही होतेच. 2020 साली भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो बोट सुरू झाली आणि माणसं आपापल्या गाड्या बोटीत घालून यायला लागली. मिस्त्रींचं घर बंगल्यांच्या कठड्यांवर चालतं. आज मात्र मधल्या मोकळ्या जागेत एक एटीव्ही उभी आहे, किनाऱ्यावर पर्यटकांना भाड्याने देतात तसली. चार फुगीर टायर, लाल प्लास्टिक, सव्वाशे सीसीचं इंजिन, मागे लोखंडी सळ्यांचं कॅरिअर आणि हँडलला प्लास्टिकच्या फुलांची माळ. पावसाळाभर या गाड्या झावळ्यांच्या छपराखाली पडून असतात. आता दिवाळीची सुट्टी तोंडावर आलीय, आणि मालक बाजूला उभा राहून फोनवर कुणाला तरी "चार वाजता नक्की" म्हणून सांगतोय.

"मागून कुईकुई करते," फोन खिशात टाकत तो म्हणतो. "आणि खड्ड्यात गेली की मागचा भाग बसल्यासारखा वाटतो. बुश गेले असतील ना, मामा?"

"असतील," मामा म्हणतात. हे 'असतील' मालकाच्या ओळखीचं असावं. तो पुढे काही बोलत नाही.

प्लास्टिक उतरतं. त्याची निम्मी बटणं आधीच तुटलेली आहेत, त्या जागी केबल टाय. आत सगळीकडे वाळू. इंजिनाच्या पंखांत, एअर फिल्टरच्या डब्यात, वायरिंगच्या जुडग्यात, चेनच्या गार्डमागे. पोरगा ब्रशने झाडतो आणि जमिनीवर वाळूचा छोटासा ढीग साचतो. गाडी रोज गोड्या पाण्याने धुवायची असते. मालक म्हणतो, धुतो. त्याच्याबरोबर आलेला सतरा-अठरा वर्षांचा मुलगा, जो किनाऱ्यावर गिऱ्हाइकांच्या मागे उभा राहून फेऱ्या मारतो, तो या वाक्याला दाराकडे बघतो.

सीट निघाल्यावर मिस्त्री उठतात. चष्मा कपाळावरून नाकावर येतो. मोबाइलचा टॉर्च लावून ते सीटखालच्या दोन पाइपांवरून बोट फिरवत नेतात. आधी उजव्या पाइपवरून, मग डाव्या. डाव्यावर एका जागी बोट थांबतं. मुख्य चेसीला मागचे पाइप जिथे जोडलेत तिथे, मागच्या शॉकअपचा वरचा बोल्ट ज्या पट्टीत बसतो, तिच्या किंचित पुढे काळ्या रंगावर तांबूस रेघ आहे. केसाएवढी. मला ती दिसतच नाही. मिस्त्री टॉर्च तिरका धरतात तेव्हा दिसते.

"बुश नाय गेले," ते म्हणतात. "चेसी गेली."

मालक वाकून बघतो. "एवढंच? त्यावर वरून एक वेल्ड मारा ना."

मिस्त्री उत्तर देत नाहीत. पोरगा त्यांच्या हातात पॉलिश पेपर देतो. ग्राइंडर जवळच पडलाय, पण त्याला हात लागत नाही. चाक फिरलं की लोखंड ओढलं जातं आणि तड्याचं तोंड लिंपून टाकतं. मग तडा कुठे संपतो ते कळायचं कसं? म्हणून रंग हातानेच घासून काढायचा. दहा मिनिटांत पाइपचा हातभर तुकडा पांढराशुभ्र होतो. मोठ्या कारखान्यांत तडा शोधायला तीन डब्यांचा फवारा येतो: एक साफ करायचा, एक लाल रंगाचा, एक पांढऱ्या भुकटीचा. इथे पूर्वी रॉकेल वापरायचे. आता रॉकेल मिळेनासं झालंय, तेव्हा डिझेल. चिंधीने डिझेल लावायचं, थोडा वेळ थांबायचं, कोरडं पुसून घ्यायचं आणि वरून शाळेतला खडू चोळायचा.

खडूचा पांढरा थर बसतो. काहीच होत नाही. मग हळूच, आतून ओल फुटावी तशी एक करडी रेघ उमटते. वरच्या बाजूला ठळक, दोन्ही अंगांनी खाली उतरत जाणारी. पाइपचा निम्म्याहून जास्त घेर तिने व्यापलाय. जी रेघ मघाशी इंचभर वाटत होती, ती मालकाच्या डोळ्यांदेखत लांबते, आणि त्याचा चेहरा मला त्या रेघेपेक्षा जास्त काही सांगतो.

तडा वेल्डवर नाही, वेल्डच्या काठावर आहे. हे बघण्यासारखं आहे. माणसाला वाटतं जोड कच्चा असणार, तिथेच तुटेल. पण जोड जाड असतो, पाइप पातळ. जाडातून पातळात उतरताना जिथे एकदम पायरी पडते तिथे सगळा ताण गोळा होतो. शिवाय वेल्डच्या उष्णतेने त्या काठाचं लोखंड आधीच बदललेलं असतं. तुटायला सुरुवात होते ती या पायरीपाशी.

"वरून सुरू झालाय," मिस्त्री खडूच्या रेघेवर नखाने दाखवतात. "वरचं तोंड उघडं, खालचं बंद. म्हणजे मागनं कुणीतरी खाली दाबतंय."

मागच्या पाइपांना मागे आधार नाही, ते चेसीतून नुसते बाहेर आलेत. त्यांच्या टोकावर कॅरिअर. टोकावर वजन पडलं की पाइपची वरची बाजू ताणली जाते, खालची दाबली जाते. लोखंड दाबाला पुरून उरतं, ताणाला फाटतं. आणि वजन जितकं लांबवर, तितका मुळाशी जोर जास्त. हे गणित मिस्त्री तोंडाने करत नाहीत. ते सरळ कॅरिअरकडे जातात आणि त्याच्या सळ्या तपासायला लागतात. सगळ्या सळ्यांचा रंग शाबूत आहे. फक्त डाव्या कोपऱ्यातल्या दोन सळ्या घासून चकचकीत झाल्यात, वीतभर जागेत.

"इथं कोण उभा राहतो?"

मुलगा आधी मालकाकडे बघतो, मग म्हणतो, "मी."

"कसा? दाखव."

तो कॅरिअरवर चढतो. डावा पाय कोपऱ्यात, उजवा गुडघा जिथे सीट असते तिथे, हात पुढे हँडलकडे. उजवा पाय खाली का नाही ठेवत? उजव्या बाजूला सायलेन्सर आहे. पोटरीवर भाजल्याचा जुना डाग तो दाखवतो, अगदी सहज. गिऱ्हाइकाला गाडी चालवायची हौस असते, पण ती चालवता येत नसते. म्हणून गिऱ्हाईक पुढे, त्याची बायको किंवा पोर मध्ये, आणि हा मागे उभा राहून हँडल सांभाळणार, ब्रेक मारणार. दिवसभर. सुट्टीत रात्रीसुद्धा.

म्हणून डावा पाइप.

उतरवलेल्या प्लास्टिकवर, टाकीमागच्या भागात, पिवळ्या रंगाची एक चिकटपट्टी आहे. अर्धी उन्हाने उडालीय, पण चित्र कळतं: गाडीवर दोन माणसं आणि त्यांच्यावर फुली. अशा बहुतेक गाड्या एकाच माणसासाठी बनवलेल्या असतात. मग सीट एवढी लांब कशाला, असा प्रश्न मलाही पडतो, आणि या धंद्यातली फसगत त्या लांबीतच आहे. ती लांबी दुसऱ्या माणसासाठी नसून एकाच माणसाला पुढेमागे सरकता यावं म्हणून असते. चढावर पुढे, उतारावर मागे, वळणावर आतल्या बाजूला. या छोट्या गाड्यांच्या मागच्या दोन्ही चाकांना एकच सलग एक्सल असतो, दोन्ही चाकं एकाच वेगाने फिरतात. वळताना बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापायचं असतं, ते ही गाडी आपण होऊन करत नाही. चालवणाऱ्याने अंग टाकलं तर ती वळते. मागे माणूस उभा केला की पुढच्याला हलायला जागाच उरत नाही, आणि वर उभ्या माणसाच्या वजनाने गाडीचा तोल आणखी उंचावर जातो.

तिघांच्या वजनाची शिक्षा आधी पाइपला झाली, हे एका अर्थी नशीबच.

मिस्त्रींची तपासणी संपलेली नाही. ते टायरला अंगठा लावतात. अंगठा आत जात नाही. पोरगा गेज आणतो. काटा बावीसवर.

"पंपावर भरली का हवा?"

"हो. पंक्चर कमी होतात," मालक म्हणतो.

या टायरांत हवा असायची ती तीन ते सहा-सात पौंडांच्या आसपास. तिथे बावीस म्हणजे टायरचा दगड. होंडाने 1970 मध्ये अमेरिकेत या जातीची पहिली तीनचाकी काढली तेव्हा तिला शॉकअप नव्हतेच. फुग्यासारखे टायर हेच तिचे शॉकअप. चारचाकी आली ती पुढे, 1982 च्या सुमारास सुझुकीकडून, आणि 1988 मध्ये अमेरिकेत नव्या तीनचाकींची विक्री बंद झाली, कारण त्या फार उलटायच्या. शॉकअप आले, एक चाक वाढलं, पण मऊ टायरचं काम तेच राहिलं. तो दगड केला की पुळणीवरची प्रत्येक घळ, ओढ्याच्या तोंडाचा प्रत्येक धोंडा थेट चेसीला जाऊन भिडतो.

पण एका धक्क्याने हा पाइप तुटलेला नाही. एवढं वजन त्याने एकदा, दहादा, शंभरदा सहज पेललं असतं. लोखंड थकतं हे माणसाच्या ध्यानात आलं ते रेल्वेमुळे. 1842 च्या मे महिन्यात व्हर्सायहून पॅरिसला परतणाऱ्या गाडीच्या इंजिनाचा एक्सल मदाँपाशी मोडला आणि मागचे डबे पेटले. एक्सल कुठेही जास्त ताणलेला नव्हता. तो फक्त फार फिरला होता. पुढे ऑगस्ट व्होलर नावाच्या जर्मन रेल्वे इंजिनिअरने एक्सल फिरवत ठेवून, वाकवत ठेवून वर्षानुवर्षं चाचण्या घेतल्या. त्याला दिसलं की एका मर्यादेखालचा ताण पोलाद जवळजवळ कितीही वेळा सोसतं. नागावच्या गाडीचं दुर्दैव असं, की खाऱ्या हवेत ही मर्यादा उरत नाही. मीठ पृष्ठभाग खात राहतं, प्रत्येक खळगा नव्या तड्याचं बी होतो, आणि कमी ताणातसुद्धा लोखंड कधी ना कधी तुटतंच. डोंगरावरची गाडी आणि किनाऱ्यावरची गाडी सारखीच वापरली तरी सारखी टिकत नाही.

हातोडीने पाइप वाजवून मिस्त्री ते त्यांच्या पद्धतीने पक्कं करतात. उजवा पाइप टणकन वाजतो. डावा पुढे टणकन, मागे तड्याजवळ आल्यावर 'ठप'. आतून सडलाय. तडा नुसता भरला असता, म्हणजे टोकांना तीन एमएमची भोकं पाडून तडा पुढे सरकायचा थांबवून, खाच करून वेल्ड भरला असता, तर सडक्या पाइपवर नवा वेल्ड बसला असता आणि महिन्याभरात शेजारी फाटला असता.

"कापायला लागेल," ते म्हणतात.

मालक घड्याळ बघतो.

कापण्याआधी बांधणं. मिस्त्री दोरी घेऊन स्विंगआर्मच्या बोल्टपासून कॅरिअरच्या भोकापर्यंत तिरकं माप घेतात, आधी एका कर्णावर, मग दुसऱ्या. चार एमएमचा फरक. डावी बाजू बसलीय. खाली स्क्रू जॅक लावून ती हळूहळू उचलतात, दोरी पुन्हा लावतात, पुन्हा उचलतात. दोन्ही कर्ण सारखे आल्यावर एक अँगल आडवा टाकून दोन्ही पाइपांना टाके मारतात. आता डावा पाइप मधून काढून घेतला तरी मागचा भाग जागचा हलणार नाही. या टाक्यांना काम झाल्यावर उडवायचंय, म्हणून ते शॉकअपच्या पट्टीपासून लांब, जिथे ताण कमी तिथे. नवशिक्या इथेच घाई करतो. पाइप कापून मोकळा होतो, आणि मग नवा तुकडा बसवताना गाडी वाकडी झालेली असते.

कटरच्या ठिणग्या पत्र्यापर्यंत जातात. काप सरळ नाही, तिरका आहे. सरळ कापला तर सगळा जोड एकाच रिंगणात येतो आणि वाकण्याचा सगळा जोर त्या एका रिंगणावर पडतो. तिरक्यात तो वाटला जातो. दुसरा काप बसतो आणि वीतभर तुकडा निघून येतो. त्याच्याबरोबर पाइपच्या पोटातून गंजाच्या पापुद्र्यांत भिजलेली वाळू आणि चमचाभर पाणी खाली सांडतं.

"चाखून बघा," मिस्त्री मला म्हणतात. मी हसतो. मालक खरंच बोट लावून जिभेवर ठेवतो आणि तोंड वाकडं करतो.

तुकडा शेगड्यात धरून मिस्त्री तो तड्यापाशी मोडतात. मोडलेली कड हातात देतात. बघण्यासारखी आहे. वरची बाजू तपकिरी, जुनी, घासून गुळगुळीत झालेली. खाली उतरताना बारीक बारीक बाकदार रेघा, ओहोटीचं पाणी मागे हटताना पुळणीवर ठेवतं तशा. मग फिकट करडा पट्टा. आणि अगदी खाली, आत्ता मोडली ती लखलखीत पांढरी कड, जेमतेम अंगठ्याच्या नखाएवढी. एवढ्या लोखंडावर काल संध्याकाळपर्यंत तीन माणसं फिरत होती. मुलगा तो तुकडा घेतो, उलटसुलट करतो, आणि काही न बोलता खिशात टाकतो.

नवा पाइप त्याच मापाचा, तेवढ्याच जाडीचा. जाड का नाही? मालकाचा प्रश्न साहजिक आहे. आपल्याकडे दुरुस्ती म्हणजे मजबुती आणि मजबुती म्हणजे जाडी. मिस्त्री म्हणतात, "जाड घातला तर तो वाकणार नाय, मग शेजारचा वाकंल." नव्या पाइपच्या पोटात घट्ट बसणारी दुसरी नळी दोन्ही बाजूंनी जुन्या पाइपात सरकते. बाहेरच्या पाइपाला आठ एमएमची भोकं पाडली आहेत. त्यांतून आतल्या नळीला वेल्ड पकडणार. त्याशिवाय खालच्या बाजूला एक बारीक भोक, नुसतं. ते कशाला ते मला नंतर कळतं.

जोड धरायला पोरगा चुंबकी गुण्या लावतो. पहिला टाका पडल्यावर मिस्त्री गुण्या काढायला लावतात. चुंबक जवळ असला की वेल्डिंगची ज्योत एका अंगाला पळते. इथून अलिबाग आठ-दहा किलोमीटर. तिथे समुद्राकाठी चुंबकीय वेधशाळा आहे, 1904 साली उभारलेली. मुंबईत विजेवर ट्रॅम धावणार म्हणून कुलाब्याच्या वेधशाळेतली मापं बिघडतील, त्या धास्तीने ती इकडे आणली. इमारतही अशा दगडाची, की ज्यात चुंबकाला खेचणारं काही नाही. पृथ्वीच्या चुंबकत्वाची अशी नोंद ठेवणाऱ्या गावाशेजारी मिस्त्री बोटभर चुंबक तीन फूट लांब ठेवायला सांगतायत, याची मला गंमत वाटते. त्यांना नाही वाटत. "मापाला त्रास, तसा वेल्डला त्रास," एवढं बोलून ते टंगस्टनची कांडी ग्राइंडरवर उभी धरून टोकदार करायला लागतात.

साडेअकरा वाजलेत. आणि हवा सुटलीय.

किनाऱ्याला हे रोजचंच. जमीन तापली की समुद्रावरून वारा आत येतो. नारळाच्या झावळ्या सळसळायला लागतात, शेडच्या दारातली प्लास्टिकची पिशवी उडते. इतर दिवशी याचं कुणाला काही नाही. पण मिस्त्री आज आर्गनवर काम करतायत. साधा रॉड असता तर त्याच्यावरच्या मसाल्याचा धूर आणि खपली वितळलेल्या लोखंडाला झाकून ठेवते. इथे झाकायला नुसता गॅस, मिनिटाला आठ-दहा लिटर. आणि गॅस वाऱ्याने उडून जातो. उघड्या पडलेल्या तप्त लोखंडात हवा शिरते, फुगे धरतात. रॉडच वापरा की, असं मालक सुचवतो. दोन एमएमच्या पाइपवर रॉड भोक पाडायला टपलेला असतो, तो साधणारे हात असतात, मिस्त्रींचेही आहेत. पण स्टीलचे कठडे करून करून त्यांचा जीव आर्गनवर बसलाय.

एका गृहप्रकल्पाचा जुना फ्लेक्स दारावर आडवा बांधला जातो. स्विमिंग पूल आणि हसरं कुटुंब आतल्या बाजूला. तरी वारा खालून येतो. पोरगा ताडपत्री धरून उभा राहतो.

मिस्त्री काच तोंडावर घेतात. मला एक जास्तीची काच मिळते, जुनी, चरे पडलेली. काचेआडून आधी पूर्ण अंधार, मग एक हिरवट ठिपका. पंचाहत्तर-ऐंशी अॅम्पियरवर ती ज्योत शांत आहे, खरखरत नाही, नुसती सूं करते. ठिपक्याखाली लोखंड ओलं होतं, आरशासारखं चमकतं, आणि त्या ओलीत तांब्याचा मुलामा असलेली तार टेकते, मागे सरते, टेकते. प्रत्येक टेकण्याचा एक अर्धगोल मागे राहतो. दीड इंच झालं की हात थांबतो; ज्योत विझल्यावरही टॉर्च तिथेच धरलेला असतो, गॅस वाहत राहतो, लोखंड लालाचं काळं होईपर्यंत. मग समोरच्या बाजूला दीड इंच. मग वर. मग खाली. सलग फिरवला तर थंड होताना लोखंड एका अंगाला आकसतं आणि मघाशी जॅक लावून मिळवलेले चार एमएम पुन्हा जातात.

त्या बारीक भोकातून एकदम शिट्टीसारखा आवाज येतो. मी दचकतो. पाइपातली तापलेली हवा. भोक नसतं तर शेवटचा टाका मिटताना तीच हवा वितळलेलं लोखंड ढकलून बाहेर आली असती.

तिसऱ्या फेरीत ताडपत्रीचं एक टोक पोराच्या हातातून सुटतं. ज्योत थरथरते, फटफट करते, वेल्डवर काळे टोचे उठतात. मिस्त्री काच वर करून पोराकडे बघतात. शिवी येईल असं मला वाटतं, पण ते फक्त ग्राइंडर मागतात. तेवढा वेल्ड मुळापर्यंत खणून काढला जातो आणि पुन्हा भरला जातो. वरून आणखी एक थर टाकून तो लपवता आला असता. कुणाला दिसलं नसतं. रंगाखाली तर नाहीच.

भोकांतले वेल्ड भरून झाल्यावर मालक त्याचा दुसरा बेत काढतो. आता एवढं केलंच आहे तर मागे एक जाड प्लेट टाका, आणि कॅरिअरच्या खाली पाय ठेवायला एक पट्टी. "म्हणजे पोरगा नीट उभा राहील."

शेडमध्ये पहिल्यांदाच थोडी शांतता होते.

प्लेटबद्दल मिस्त्रींचं म्हणणं आधीच कळलंय. ते एक छोटी तिकोनी पट्टी कापतात, तिची आतली कड गोलाईने खरवडतात म्हणजे टोकाशी पायरी पडणार नाही, आणि पाइपला आडवा वेल्ड न मारता ती लांबीने जोडतात. पाइपवर आडवी वेल्डची रेघ म्हणजे पुढच्या तड्याला आखून दिलेली जागा. एवढ्याने जोर थोडा पसरेल.

"आणि पट्टी?"

"पट्टी नाय."

"मामा, पैसे देतोय ना मी."

"पैसे पाइपचे घेतो." ते हातमोजे काढतात. "पट्टी टाकली की तू दोन पोरं उभी करशील. पाइप टिकला तर गाडी उलटंल. गाडीखाली कोण येईल, तू?"

मालक हसण्याचा प्रयत्न करतो. तो वाईट माणूस नाही, हे इथे लिहायला हवं. सुट्टीचे मोजके दिवस, बँकेचा हप्ता, आणि पाच मिनिटांच्या फेरीसाठी घासाघीस करणारं, वर तिघं बसण्याचा हट्ट धरणारं गिऱ्हाईक. एकट्याने चालवायची आणि हेल्मेट घालायचं म्हटलं की ते शेजारच्या गाडीवाल्याकडे जातं. आपणच जातो. मी स्वतः किनाऱ्यांवर अशा गाड्यांवर आख्खी कुटुंबं बसलेली बघितलीत आणि फोटो काढणाऱ्याला वाट करून दिलीय.

पाइप गार झाल्यावर आडवा अँगल उडवला जातो, टाक्यांच्या खुणा घासल्या जातात. दोरी पुन्हा दोन्ही कर्णांवर. एका एमएमचा फरक. मिस्त्री मान हलवतात, चालेल. पुन्हा डिझेल, पुन्हा खडू. यावेळी खडू पांढराच राहतो. त्या बारीक भोकातून सिरिंजने इंजिनाचं जुनं तेल पाइपात सोडतात, गाडी पुढेमागे कलवून ते सगळीकडे फिरू देतात, आणि भोक स्क्रूने बुजवतात. बाहेरून रेड ऑक्साइड, त्यावर काळा रंग. उजव्या पाइपलाही खालून एक भोक पाडलं जातं. त्यातून वाळू येते, पाणी नाही. "दिवाळी काढील," मिस्त्री म्हणतात, "शिमग्याच्या आधी आण."

टायरमधली हवा पोरगा सोडतो. फुस्स होत काटा पाचावर येतो आणि गाडी सगळीच्या सगळी बोटभर खाली बसते. टाकी येते, सीट बसते, केबल टाय नवे. मालक पाकीट काढतो, दोनशे कमी करायला सांगतो. शंभर कमी होतात.

मुलगा स्टार्टर मारतो. गाडी पहिल्याच दमात चालू होते. तो सवयीने मागे जातो, डावा पाय उचलून कॅरिअरच्या कोपऱ्यावर ठेवतो, आणि थांबतो. ओला काळा रंग त्याच्या चपलेला लागलाय.

"मग मी कुठं उभा राहू?" तो विचारतो. मिस्त्रींना की मालकाला, ते कळत नाही.

"खाली," मिस्त्री म्हणतात. "वाळूवर. शिट्टी घे एक."

मालक पुढे बसतो आणि मुलाला म्हणतो, तू रिक्षाने ये. गाडी रस्त्याच्या कडेकडेने नागावकडे निघते. मिस्त्री सरकत्या गेटाचं माप घ्यायला वळतात आणि पोराला विचारतात, टेप कुठं ठेवलास.